चोर आधीच कळला, मग रहस्य कुठे उरलं?

चि. मुक्ता,

‘एमिल अँड द डिटेक्टिव्हज’बद्दलची तुझी आणि तुझ्या मैत्रिणींची मतं पोचली. पुस्तक आवडलं, एवढंच लिहून तुम्ही थांबला नाहीत, भांडलात, याचा मला फार आनंद झाला. म्हणून तुमच्या तिन्ही तक्रारींना सविस्तर उत्तर देते.

तुझी तक्रार अशी, की चोर सुरुवातीलाच कळतो. खरं आहे, आणि एरिक केस्टनरने 1929 साली हे जाणूनबुजून केलंय. बर्लिनला निघालेल्या एमिलचे 140 मार्क आगगाडीत चोरीला जातात, तेव्हा डब्यात त्याच्याशिवाय एकच माणूस उरलेला असतो. ‘कोणी चोरले?’ हा प्रश्न तिथेच मिटतो. ‘सिद्ध कसं करायचं?’ हा खरा प्रश्न पुढे सुरू होतो. नोटेवर मालकाचं नाव नसतं. त्यात एमिलने गावातल्या पुतळ्याला लाल नाक आणि मिशा रंगवलेल्या, त्यामुळे पोलिसांकडे जायची त्याला भीती. शेवटी बँकेत त्याच्या बाजूने साक्ष देतात ती नोटांवरची टाचणीची छिद्रं. पैसे हरवू नयेत म्हणून त्याने पाकीट कोटाला टाचून ठेवलं होतं, हे लेखकाने चोरीच्या आधीच सांगितलेलं आहे. वाचताना ती टाचणी तुझ्या लक्षात राहिली होती का? नसेल, तर रहस्य तुझ्या डोळ्यांसमोरच होतं.

दुसरी तक्रार, टेलिफोनपाशी बसून राहणारा लिटल ट्यूसडे कंटाळवाणा आहे, त्याला काढून टाकलं तरी चालेल. हे मला मुळीच पटत नाही. एमिलच्या मदतीला आलेली सगळी मुलं चोराच्या पाठलागाला धावतात. त्यालाही जायचं असतं, पण सोपवलेली जागा तो सोडत नाही. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारं कुणी नसेल, तर एवढ्या मोठ्या शहरात विखुरलेल्या मुलांचा मेळ बसणार कसा? शेवटी एमिलची आजी सगळ्यांसमोर ट्यूसडेचंच कौतुक करते. शेवटचं प्रकरण पुन्हा वाच.

तिसरी तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. एमिलची मावसबहीण पोनी हुशार आहे, तिची जीभ धारदार आहे, सायकलवरून ती थेट मुलांच्या टोळीत येऊन पोचते. तरीही रात्री पहाऱ्यावर मुलगे थांबतात आणि तिला घरी परतावं लागतं. तो काळ तसा होता हे कारण झालं, समर्थन नव्हे. तुझ्या मैत्रिणीने हे नेमकं हेरलं आणि प्रसंगासह दाखवून दिलं, म्हणून तिघींमध्ये तिचं मत मला सर्वांत भक्कम वाटतं.

आता भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ घे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला बन्या फेणे आणि लहान गावातून बर्लिनला गेलेला एमिल यांची तुलना कर. कोण जास्त आवडला ते लिहीच, पण कुठल्या प्रसंगामुळे आवडला तेही लिही. पुस्तकाने कोणता प्रश्न मांडलाय ते आधी शोध आणि त्याचं उत्तर त्याला कितपत जमलं यावर मत दे. कठोर मत असलं तरी बेधडक लिही. फक्त त्यामागे पुस्तकातला पुरावा हवा.

तुझी,
मावशीआजी