मिठाचा खडा किती विरघळतो?



छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू यास मिठाचा खडा पाण्यात टाकावयास सांगतात. दुसऱ्या दिवशी खडा दिसत नाही. पाणी मात्र वरून, मधून, तळातून, कोठूनही चाखले तरी खारट लागते. हा दृष्टांत आपण कीर्तनांत पुष्कळदा ऐकतो. परंतु श्वेतकेतूने त्या भांड्यात शंभर खडे टाकले असते तर काय झाले असते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

बहुतेक खडे सकाळी तळाशी सापडले असते. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. त्यापुढे कितीही ढवळा, पाणी ते घेत नाही. शास्त्रकार या अवस्थेस संपृक्तता म्हणतात. पाणी तापवावे असे कोणी सुचवील. साखरेला तो उपाय लागू पडतो. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहूनही अधिक. म्हणून तर पाक साधतो. मीठ मात्र उकळत्या पाण्यातही ३९ ग्रॅमांच्या आसपासच थांबते. त्यास पाणीच अधिक हवे.

पुजाऱ्याच्या घरी वाढल्यामुळे पारायणांची आणि उपवासांची संख्या वाढवीत नेणारे पुष्कळ भक्त मी पाहिले आहेत. संख्या वाढते, अंतःकरण तेवढेच राहते. उरलेले तळाशी साचते आणि त्या साठ्याचाच अभिमान जडतो. आपल्या शिरगावात श्रीदेवी लईराईच्या जत्रेपूर्वी धोंड व्रतस्थ राहतात, आहारविहार आवरतात. मला वाटते, ते आधी पाणी वाढवीत असतात.

तथापि तळाचा खडा निर्जीव समजू नये. संपृक्त पाण्यातही त्याचे कण सुटत असतात आणि तेवढेच परत येऊन बसत असतात. आणखी नवल असे की, मिठाने भरलेल्या त्याच पाण्यात थोडी साखर खुशाल विरघळते. संसाराने भरलेल्या मनात परमार्थास जागा नाही, असे बजावणाऱ्यांनी हा प्रयोग घरच्या वाटीत अवश्य करावा.

विरघळलेले नाहीसे झाले, हाही एक समज. पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या नावातच आगर आहे. भरतीचे पाणी मिठागरात ज्या दारातून घेतात त्यास आपल्याकडे 'मानस' म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाने ते पाणी आटत आटत दहाव्या हिश्श्यावर आले की मग मिठाचे दाणे धरू लागतात. आगरी मनुष्य तेवढ्यात मीठ ओढून घेतो. पाणी पुरते आटू देत नाही, कारण शेवटच्या पाण्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार राहिलेले असतात.