यत्न, दैव आणि भरतीचे गणित

घडते ते यत्नाने की दैवाने, हा भारतीय तत्त्वचिंतनातला जुना वाद आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषार्थावाचून दैव फळत नाही, असा याज्ञवल्क्य स्मृतीचा निर्वाळा आहे. योगवासिष्ठ त्याही पुढे जाते. दैव म्हणजे पूर्वी केलेला यत्नच, असे त्याचे म्हणणे. रामदासांचाही कल यत्नाकडेच.

रेवस ते रेडी हा कोकणचा किनारी रस्ता हिवाळ्यात धरायचा ठरला, की हा वाद पोथीतून बाहेर येतो. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी असते. पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वळणावळणाच्या अनोळखी रस्त्यावर अंधारात गाडी हाकावी लागते. शिवाय हा रस्ता सलग नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या खाड्या तो मध्येच तोडतात. बागमांडल्याहून वेश्वीला किंवा दाभोळहून धोपाव्याला गाडी फेरीबोटीत चढवून न्यायची, नाहीतर लांबचा वळसा घ्यायचा.

दैवाची हद्द नेमकी कुठे सुरू होते, हे हरिहरेश्वरला चांगले कळते. तिथली प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या खडकांतून, समुद्राला लागून जाते आणि भरतीला पाण्याखाली जाते. नवख्याला हा दैवाचा खेळ वाटतो. किनाऱ्यावरचा माणूस मात्र तिथीची पाऊणपट करतो: चतुर्थीला तीनच्या आसपास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या, ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे अष्टमीला दुपारी ओहोटी मिळते. पौर्णिमेला ती सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, आणि थंडीत तेव्हा उजेड जेमतेम असतो. हिशेब ढोबळ आहे, पाण्यात उतरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारावेच. तरी त्यातून एक गोष्ट उघड होते: दैव म्हणून खपणारे बरेच काही न पाहिलेल्या पंचांगात आधीच मांडलेले असते.

सगळेच दैव असे हिशेबात मावत नाही. खाडीकाठी पहाटे उतरलेले धुके, अचानक तापलेले इंजिन, समोरून चुकीच्या बाजूने आलेली गाडी यांना गणित नाही. जुन्या काळी मुहूर्त आणि निघण्याचा दिवस जुळत नसला, तर पस्ताना ठेवत: मुहूर्तावर सामानातली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची आणि माणसाने सोयीने निघायचे. हसू येण्याजोगी ही रीत खरे तर शहाणपणाची आहे. तिने दैवाचा मान राखला, पण वेळापत्रक त्याच्या हाती दिले नाही. आजच्या आखणीत हा मान मोकळ्या ठेवलेल्या वेळेने राखता येतो. तासातासाला मुक्काम ठोकून बसवलेली सहल पाचवे कारण नाकारते; काहीच न ठरवता निघणे पहिली चार नाकारते. दुसऱ्या प्रकाराला श्रद्धा म्हणण्याची पद्धत आहे, पण तो निव्वळ आळस होय.

चौकशी करून वेळेवर पोहोचलेल्याची फेरीबोट बिघाडाने बंद पडली, तर ते दैव. न विचारता निघालेल्याची शेवटची फेरी चुकली, तर त्याचे खापर दैवावर फोडायला गीतेत आधार नाही.