अमळनेरच्या वसतिगृहातले गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञानात एम. ए. झालेले. त्या काळी एवढ्या शिक्षणावर मोठ्या हुद्द्याची वाट धरणं अवघड नव्हतं. त्यांनी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत मास्तरकी पत्करली आणि वसतिगृहही सांभाळायला घेतलं.

मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, विस्कटलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. कुणी आजारी पडलं तर उशाशी बसत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. वर्गातल्या व्याख्यानाइतकंच, खरं तर त्याहून जास्त, शिक्षण या कामांतून होत होतं.

१९३० मध्ये सत्याग्रहासाठी तीही नोकरी सुटली.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्याच तुरुंगात असलेले विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. श्रोत्यांत जमनालाल बजाजांसारखे धनिकही होते. गुरुजी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसत आणि शब्द न् शब्द टिपून घेत. अठरा अध्यायांवरची अठरा प्रवचनं त्यांच्या हातून उतरली. आज घरोघरी असलेलं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्याच टिपणांतून तयार झालं.