मर्जीबाहेरचा रुग्ण

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, ते वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. आणि परिचारकाचे गुण मोजताना उपचारांचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्याच पंक्तीत, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयीचा अनुरागही त्याने बसवला. ज्ञान शिकवता येते, दक्षता अंगी बाणवता येते, शुचितेची तर रोज तपासणीही करता येते. परंतु अनुरागाचे फर्मान काढता येत नाही, आणि कांटसारख्या कर्तव्यकठोर तत्त्ववेत्त्यानेही भावनारूप प्रेम आज्ञेने उत्पन्न होत नाही हे मान्य केले आहे. मग हुकमाने जो लाभत नाही तो गुण शास्त्रकाराने मागावा तरी कशाला?

इंग्लंडात फेलिसिटी स्टॉकवेल या संशोधिकेने १९७२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या प्रश्नाच्या फार जवळ जातो. कोणत्या रुग्णांची शुश्रूषा करणे आवडते आणि कोणाची आवडत नाही, असे तिने वॉर्डातील परिचारिकांना विचारले. जे रुग्ण हसून बोलत, परिचारिकांना नावाने ओळखत, बरे होण्याची उमेद दाखवीत, ते मर्जीतले ठरले. जे कुरकुरत, इस्पितळात राहणे नकोसे झाल्याचे दाखवीत, आपल्याला परिचारिका समजतात त्याहून अधिक यातना आहेत असे सुचवीत, ते मर्जीबाहेर गेले. मर्जीबाहेरच्यांना कोणी उपाशी ठेवले नाही की औषध नाकारले नाही. त्यांच्याकडे दुर्लक्ष होई, त्यांनी मागितलेली वस्तू विसरली जाई, एखादे उपरोधिक वाक्य कानावर पडे, आणि इतरांसाठी सैल होणारा नियम त्यांच्यापाशी काटेकोरपणे अमलात येई. वेतन आणि गणवेश यांच्या आडून चाललेला हा देवघेवीचाच व्यवहार होता: रुग्णाने प्रसन्नता द्यावी आणि मोबदल्यात माया घ्यावी.

या मायेची किंमत शरीरालाही कळते. बॉस्टनमधील भूलतज्ज्ञ एगबर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९७ रुग्ण होते. पोटावरील शस्त्रक्रियेनंतर कोठे दुखेल, किती काळ दुखेल, स्नायू सैल कसे सोडावेत, हे ज्यांना समजावून सांगितले त्यांना अफूजन्य वेदनाशामके सुमारे निम्मीच लागली, आणि ते इतरांपेक्षा सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. पुढे इंग्लंडात जेनिफर बोअर या परिचारिकेने रुग्णांच्या मूत्रातील, ताणाच्या निदर्शक अशा संप्रेरकांचे मापन करून हाच विषय अधिक खोल नेला. म्हणजे रुग्णाचा ताण हलका करणारी वस्तू पुष्कळदा केवळ थोड्या वेळाचे सरळ, खरे बोलणे असते. (आमच्याकडे नातेवाइकांना सगळे सांगून रुग्णाला मात्र ‘काही काळजी करू नका’ एवढेच सांगण्याची जी चाल आहे, तिला या प्रयोगांतून फारसा आधार मिळत नाही.) पण हे बोलणे मर्जीवर सोपवले तर अडचण अशी की, ज्याचे भय सर्वांत मोठे, तोच बहुधा कुरकुरणारा असतो, आणि कुरकुरणाऱ्याच्या खाटेपाशीच संभाषण सर्वांत आधी आटते.

या अडचणीचे एक जुने उत्तर बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, विनयपिटकात, सापडते. तेथे अतिसाराने पीडित, स्वतःच्याच विष्ठेत पडलेल्या एका भिक्षूची कथा आहे. सोबतचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. कारण इतके सरळ आणि निर्लज्ज होते की स्टॉकवेलच्या वॉर्डातील शिष्टाचारापेक्षा ते अधिक प्रामाणिक वाटावे. बुद्धाने आपला शिष्य आनंद याच्याकडून पाणी आणवले, स्वतः ते त्याच्यावर ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. मात्र त्यानंतर संघाला जे सांगितले त्यात प्रेमाची सक्ती नाही, जबाबदारीची वाटणी आहे. उपाध्याय असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, आणि कोणीच नसेल तर संघाने शुश्रूषा करावी. न केल्यास दोष. त्याच प्रकरणात शुश्रूषेस कठीण असा रुग्ण कोणता, हेही मोकळेपणाने नमूद आहे: जो औषध घेत नाही, विकाराचे खरे स्वरूप सांगत नाही, वेदना सोशीत नाही, तो. रुग्णाचा दोष अशा रीतीने दप्तरी नोंदवला गेला, पण त्या नोंदीमुळे परिचारकाचे काम माफ झाले नाही. आणि परिचारकाने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या चित्ताने सेवा करावी ही अपेक्षा त्या वाटणीच्या शेजारीच, तिच्या अटीत न घालता, लिहून ठेवली गेली.