गाण्यातला ‘मी’ आणि अर्थाचे उत्तरदायित्व

३१ डिसेंबर २०१२ रोजी गुडगावातील एका हॉटेलाने नववर्षाच्या स्वागतासाठी ठरलेला कार्यक्रम रद्द केला. २०१६ पासून या शहराचे अधिकृत नाव गुरुग्राम आहे. कार्यक्रम रॅपगायक यो यो हनी सिंग यांचा होता. दिल्लीतील १६ डिसेंबरच्या बलात्काराला बळी पडलेली तरुणी दोनच दिवसांपूर्वी मरण पावली होती, आणि या गायकाच्या नावावर फिरणाऱ्या एका गाण्यात स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराची उघड बढाई होती. अशा गायकाला व्यासपीठ देऊ नये, ही मागणी अनेकांनी सह्यांनिशी केली. ते गाणे आपले नाहीच, असे गायकाने सांगितले. वाद तेथे मिटला नाही. पण साहित्याच्या अभ्यासकाला त्या वादातील एक प्रश्न आजही सोडवावासा वाटतो. गाण्यातला ‘मी’ जे बोलतो, त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा तरुण रॅपर राज मुंगसे याच्याविरुद्ध अंबरनाथ येथे गुन्हा नोंदवण्यात आला. त्याच्या गाण्यात चोरांची आणि खोक्यांची भाषा होती. कोणत्याही पक्षाचे वा नेत्याचे नाव नव्हते. तक्रार मात्र सत्ताधारी पक्षाच्या बाजूने आली: हे गाणे आमच्याविषयी आहे. गुडगावात शब्द उघडे होते आणि बोलणारा कोण, याचा वाद होता. अंबरनाथला बोलणारा ठाऊक होता आणि शब्दांचा रोख कोणाकडे, याचा वाद झाला. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवण्याचे कारण असे की, आपण सुशिक्षित वाचक त्यांना सहसा दोन निरनिराळी मापे लावतो. जे गाणे आपल्याला रुचते त्याच्या बाबतीत ‘ही तर कविता आहे’ असे म्हणतो, आणि जे रुचत नाही त्याच्या बाबतीत ‘हा तर कबुलीजबाब आहे’ असे म्हणतो. ही अर्थाची मीमांसा नव्हे, आवडीनिवडीची वकिली आहे.

रॅपचा जन्म १९७३ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत झाला, असे सामान्यतः मानले जाते. बढाई, शिवी, आव्हान आणि ‘मी’ हे या प्रकाराचे संकेत आहेत. आपल्याला ते अपरिचित वाटावेत असे काही नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर एकमेकांना आव्हान देत, आणि त्यातला प्रत्येक शब्द कोणी शपथपत्राप्रमाणे वाचत नसे. नाथांच्या भारुडांत तर बोलणारा ‘मी’ कधी महार होतो, कधी जोशी, तर कधी विंचू चावल्याने कळवळणारा सामान्य माणूस. हा ‘मी’ म्हणजे पैठणचे एकनाथ नव्हेत, हे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही कळत होते. रचनेतील वक्ता आणि रचनाकार यांतील अंतर ओळखणे हे विद्वत्तेचे काम नाही. ती परंपरेने दिलेली सवय आहे.

आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वीच हाताळलेला आहे. ‘गाथासप्तशती’तील एका महाराष्ट्री प्राकृत गाथेत एक स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धार्मिकाला सांगते की, तुम्ही आता निर्धास्त फिरा, तुम्हाला छळणाऱ्या कुत्र्याला गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकले आहे. वाच्यार्थ परवानगीचा, व्यंग्यार्थ मनाईचा. तिच्या प्रियकराच्या भेटीची ती जागा आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने या गाथेच्या आधारे ध्वनीची संकल्पना स्पष्ट केली. पुढे मम्मटाने अशा अर्थाची साधने सांगताना वक्ता, ऐकणारा, काकु म्हणजे स्वराचा चढउतार, प्रसंग, स्थळ आणि काळ यांची गणना केली. रॅपमध्ये तर निम्मा अर्थ काकूत आणि तालात असतो. पोलिसांच्या कागदावर उतरलेल्या ओळींत ती काकू उरत नाही, आणि उपहास विधान होऊन बसतो.

परंतु याच गाथेवर महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ ग्रंथात वेगळे मत मांडले. त्याच्या मते येथे व्यंजना नावाची स्वतंत्र शक्ती मानण्याचे कारण नाही. हे अनुमान आहे, आणि अनुमानाला हेतू दाखवावा लागतो. काव्यास्वादाच्या दृष्टीने मला आनंदवर्धनच अधिक जवळचा वाटतो. पण मला असे वाटते की, वाचनाचे प्रयोजन बदलले की शास्त्रही बदलले पाहिजे. आनंदासाठी वाचणाऱ्याला अर्थ जाणवला तरी पुरतो. दोष देण्यासाठी वा शिक्षा करण्यासाठी वाचणाऱ्याला तेवढे पुरत नाही. त्याने महिमभट्टाच्या दरबारात उभे राहिले पाहिजे: हा अर्थ कोणत्या शब्दावरून, कोणत्या संदर्भावरून निघतो आणि त्यात माझ्या पदरचे किती आहे, हे त्याने दाखवून द्यावे.

अंबरनाथच्या गाण्याला हे माप लावू. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. २०२२ मध्ये सत्तांतरानंतर विरोधकांनी विधिमंडळाच्या आवारात खोक्यांची घोषणा दिली आणि तो शब्द राजकारणात रुळला. या संदर्भात गाण्याचा रोख कोणाकडे, हे ऐकणाऱ्याला कळतेच. ‘मी कोणाचे नावच घेतले नाही’ हा बचाव वकिलाचा आहे, कवीचा नव्हे. ज्याचा नेम कोणालाच कळत नाही तो उपहास फसलेला असतो. म्हणून अशा गाण्याच्या पाठीराख्यांनी अर्थ नाकारू नये. अर्थ मान्य करावा आणि मग विचारावे की, सत्ताधाऱ्यांविषयी एवढे बोलणे हा अपराध कसा? अर्थनिर्णय आणि दोषनिर्णय या दोन पायऱ्या आहेत. पहिली चढल्याने दुसरी आपोआप चढली जात नाही.

आता तेच माप गुडगावच्या गाण्याला लावू. रचनाकाराविषयीचा नकार लक्षात घेऊन आपण केवळ संहितेकडे पाहू. ‘हा निवेदक आहे, कवी नव्हे’ हा बचाव येथे संहितेनेच सिद्ध करायला हवा. भारुडात विंचवाच्या वेदनेतून काम-क्रोधाचा अर्थ उघडतो. सोंग रचनेच्या आतच उलगडते. ज्या गाण्यात अत्याचाराची बढाई मारणाऱ्या ‘मी’ला कोठेच तडा जात नाही, बळी पडणारीला आवाज नाही, आणि ऐकणाऱ्याने फक्त टाळी द्यावी एवढीच अपेक्षा आहे, तेथे निवेदक आणि कवी यांतील अंतराचा पुरावा उरत नाही. अशा गाण्याची नैतिक निंदा करण्याचा अधिकार वाचकाला आहे. मात्र तेही गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरत नाही. आम्ही हे ऐकणार नाही, असे श्रोत्यांनी म्हणणे वेगळे आणि शासनाने कवीला आरोपी करणे वेगळे.

ही सीमारेषा न्यायालयांनाही सोपी गेलेली नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफी मागणाऱ्या प्रकाशकाला मुक्त केले. कवीवरील आरोप मात्र कायम ठेवले. इतिहासाने आदरणीय मानलेल्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालण्याला काव्यस्वातंत्र्याची मुभा नाही, असा त्या निकालाचा आशय होता. उलट कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने न्यायाधीशांना बजावले की, कलात्मक अभिव्यक्ती पुरावा म्हणून स्वीकारताना तिच्यामुळे पूर्वग्रह निर्माण होण्याचा धोका विचारात घ्यावा. तेथे रॅपची गीते आरोपींविरुद्ध वापरली जात होती, ही त्यामागची पार्श्वभूमी.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्या कवितेतले अनेक शब्द आपल्याला कळले नाहीत, अशी कबुली त्यांनी दिली. त्यांनी ते शब्द आणि ती वस्ती कवीकडूनच समजून घेतली. मान्यवर लेखकाने आपले अज्ञान असे उघड मांडणे हे मला मराठी समीक्षेतील एक मोठे नैतिक उदाहरण वाटते. रॅपचे शब्द आज आमच्या पिढीला तसेच परके आहेत. ते ऐकून संताप येणे स्वाभाविक आहे, आणि काही वेळा तो योग्यही असेल. पण संतापापूर्वी दोन गोष्टी आपल्याकडून घडाव्यात: बोलणारा कोण आहे ते विचारणे, आणि जो अर्थ आपण त्याच्या पदरात घालतो त्यातला आपला वाटा मोजणे. हे आपण आपल्याला न आवडणाऱ्या गाण्यासाठी करू शकलो, तरच आवडत्या गाण्यासाठी केलेल्या आपल्या रदबदलीला काही किंमत राहील.