छबी ही ठेव आहे

मनुष्याच्या मालकीच्या गोष्टींची यादी करावयास बसले, तर घर, शेत, दागदागिने यांची नोंद आपण तत्परतेने करू. परंतु स्वतःच्या चेहऱ्याची नोंद करण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. तो आपलाच आहे याविषयी आपल्याला इतकी खात्री असते की, त्याच्या प्रतिमेवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. प्रौढ माणसाच्या बाबतीत त्याचे उत्तर एक वेळ सोपे आहे. त्याला नको असेल तर तो नको म्हणू शकतो. बालकाचे काय?

हा प्रश्न आज अगदी साध्या रूपाने आपल्या दारी येतो. मुलांचे एखादे क्रीडामंडळ आपल्या संकेतस्थळावर छायाचित्रांचे दालन उघडू पाहते. सामने झालेले असतात, बक्षिसे वाटलेली असतात, कोणा हौशी पालकाने शेकडो चित्रे टिपलेली असतात. कार्यकारिणीच्या दृष्टीने हे एका संध्याकाळचे काम. त्यात नीतीचा प्रश्न तो कसला, असेच बहुतेकांना वाटेल. तो आहे, आणि जयपूरकरांना तो समजून घेण्यासाठी दूर जावयास नको.

जयपूरचे महाराज सवाई रामसिंह द्वितीय (राज्यकाळ १८३५ ते १८८०) हे स्वतः छायाचित्रकार होते. ओल्या काचपट्टीवर रसायन पसरून, ती सुकण्यापूर्वीच चित्र घेण्याची ती खटपटीची कला त्यांनी आत्मसात केली होती. त्यांनी स्वतःची चित्रे घेतली, दरबाऱ्यांची घेतली. आणि त्या काळी नवल वाटावे असे म्हणजे, पडद्यात राहणाऱ्या जनान्यातील स्त्रियांचीही घेतली. त्यांच्या काचपट्ट्यांचा मोठा संग्रह आज नगरप्रासादातील संग्रहालयात आहे. गालिचावर मांडलेल्या खुर्चीत बसून थेट आपल्याकडे पाहणाऱ्या त्या स्त्रियांपैकी अनेकींची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. इतिहासाच्या दृष्टीने ती चित्रे अमोल आहेत, यात शंका नाही. तथापि ती पाहताना मनात एक प्रश्न आल्यावाचून राहत नाही : खुद्द महाराजांनी समोर बसावयास सांगितले असता, यांपैकी एखादीला नाही म्हणता आले असते काय? कदाचित् काहींना ते आवडलेही असेल. परंतु जिथे नकाराची सोय नाही, तिथे होकाराला होकार म्हणणे कठीण आहे. शिवाय त्या ज्या दालनात बसल्या, ते राजवाड्याच्या आतले होते. आज त्यांचे चेहरे पुस्तकांतून आणि प्रदर्शनांतून जगापुढे आले आहेत. एका खोलीपुरती दिलेली संमती सगळ्या जगाला लागू पडली.

महाराजांची जागा आज प्रशिक्षकाने घेतली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल; पण दहा वर्षांच्या खेळाडूच्या लेखी प्रशिक्षक हा राजाच असतो. संघात कोण खेळणार हे तो ठरवतो. त्याने ‘इकडे पाहा’ म्हटल्यावर मूल पाहते. पालकांचीही स्थिती फारशी वेगळी नसते. प्रवेशाच्या वेळी, शुल्काच्या पावतीबरोबर, आणखी एका कागदावर सही घेतली जाते. आणि आपल्या मुलाला कोणी वेगळे पाडू नये म्हणून तो कागद न वाचताच सही होते.

दुसरी बाजूही नाकारता येणार नाही. साताऱ्यात बसलेल्या आजीला जयपुरातला नातू धावताना दिसतो, याचे मोल महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना सांगावयास नको. मैदानात उतरलेल्या मुलींची चित्रे पाहून एखाद्या साशंक पित्याचे मन वळत असेल, तर तो लाभ लहान नव्हे. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांतून चित्रे वजा केली, तर मल्लखांबाच्या पकडी केवळ शब्दांनी कोणाला शिकविता येतील? आपल्याला कोणी पाहावे, ही इच्छा मुलालाही असतेच. तेव्हा कॅमेऱ्यावर सरसकट बंदी घालणे हे उत्तर नव्हे.

परंतु आल्बममधील चित्र आणि संकेतस्थळावरील चित्र या दोन निराळ्या वस्तू आहेत. आल्बम कोणाला दाखवायचा हे घरमालक ठरवतो. संकेतस्थळावरील चित्राची प्रत कोणीही काढून घेऊ शकतो, आणि मूळ चित्र पुसले तरी ती प्रत परत मागविता येत नाही. चित्राच्या पोटात पुष्कळदा ते टिपल्याची वेळ आणि स्थळाचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. त्याखाली मुलाचे नाव, वयोगट व शाळा लिहिली आणि शेजारच्या पानावर सरावाचे वेळापत्रक दिले, म्हणजे एखाद्या अनोळखी माणसाला ते मूल कुठे व केव्हा सापडेल, हे आपणच कळविले. चेहऱ्यावरून चेहरा शोधणारी आणि चित्रात मनमानी बदल करणारी यंत्रे आता कोणालाही उपलब्ध आहेत. हे भयही बाजूला ठेवले, तरी पराभवानंतर रडणाऱ्या मुलाचे चित्र उरतेच. छायाचित्रकाराला ते हृद्य वाटते. पंधरा वर्षांनी त्या तरुणाला ते तसेच वाटेल, हे कोणी ठरविले? सवाई मानसिंह स्टेडियमवर खेळणारा नामांकित खेळाडू स्वतःहून लोकांसमोर आलेला असतो. नऊ वर्षांचे मूल खेळावयास आलेले असते, दिसावयास नव्हे.

आपल्या धर्मशास्त्रात निक्षेपाचा, म्हणजे ठेवीचा, विचार फार बारकाईने केलेला आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत त्याला स्थान आहे; आणि ठेव सांभाळणाऱ्याने ती धन्याला न विचारता स्वतःसाठी वापरली, तर याज्ञवल्क्यस्मृतीने त्याला दंड सांगितला आहे. बालकाची छबी ही अशीच ठेव आहे, असे मला वाटते. तिचा खरा धनी अजून मोठा व्हावयाचा आहे. पालक आणि संस्था हे केवळ सांभाळणारे. आपल्या देशाचा २०२३ चा वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती मागतो, हे योग्यच आहे. परंतु पालकाची सही ही विश्वस्ताची सही होय, मालकाची नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात भारत १९९२ साली सहभागी झाला. त्या करारानेही मुलाला त्याच्याशी संबंधित गोष्टींत स्वतःचे मत मांडण्याचा हक्क दिला आहे. मग त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्याशी अधिक निगडित असे दुसरे काय असेल?

हे मान्य केले, तर व्यवहारातील वाट अवघड नाही. एकेका चेहऱ्याऐवजी संघाचे, खेळाचे चित्र द्यावे. चेहऱ्याला नाव जोडू नये. हंगाम संपल्यावर जुनी चित्रे काढून टाकावीत. आजीसाठी हवे असलेले चित्र आजीलाच पाठवावे. आणि मुलाला विचारावे, तेही प्रशिक्षकाने नव्हे, तर संघनिवडीशी संबंध नसलेल्या कोणी तरी. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाची संघातील जागा, बक्षीस आणि मित्रांमधले स्थान जसेच्या तसे राहिले पाहिजे. तेवढे राहिले, तरच इतरांच्या ‘हो’ला अर्थ आहे. अशा रीतीने उघडलेल्या दालनात चित्रे थोडी कमी असतील. त्या रिकाम्या जागेबद्दल कार्यकारिणीने मुळीच संकोच मानू नये.