प्राण आणि मेंदूमृत्यू

मेंदूचा तळाचा, मज्जारज्जूला जोडलेला भाग म्हणजे मस्तिष्कस्तंभ. श्वासाचे नियंत्रण इथूनच होते आणि मोठ्या मेंदूला जागे ठेवणारे चेतापेशींचे जाळेही इथेच असते. पूर्वी श्वास थांबला की काही मिनिटांत हृदय थांबे. व्हेंटिलेटर आल्यावर मेंदू कायमचा निकामी, श्वास यंत्राचा आणि हृदयाचे ठोके स्वतःचे, अशी नवीच अवस्था उभी राहिली. 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने तिला मृत्यू मानण्याचे निकष मांडले.

कोमातला रुग्ण डोळे मिटून असतो, हाकेने जागा होत नाही. पण तो बरा होऊ शकतो. व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये डोळे उघडतात, श्वास स्वतःचा असतो, जाणिवेची खूण मात्र दिसत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची अवस्था अशी होती आणि त्या मेंदूमृत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले. मेंदूमृत्यूत मस्तिष्कस्तंभच कायमचा निकामी होतो. व्हेंटिलेटरपासून वेगळे केल्यावर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, तरी छाती हलत नाही. भारतात चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा मस्तिष्कस्तंभाच्या चाचण्या करते.

जगणे कशावर टिकते, याचा विचार भारतीय परंपरेतही आहे. छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचा श्रेष्ठत्वाचा वाद आहे. वाणी, डोळे, कान, मन एकेक वर्ष शरीर सोडून जातात. शरीर तरीही जगते, अगदी मनावाचूनही. प्राण निघू लागताच मात्र साऱ्यांची मुळे उखडतात. उपनिषदातला प्राण म्हणजे मस्तिष्कस्तंभ नव्हे, हे खरेच. तरीही मन हरपलेल्याला जिवंत मानणारी ही दृष्टी न्यायालयाच्या भूमिकेशी जुळते. आणि यंत्राने आत ढकललेली हवा त्या देहाचा प्राण म्हणता येत नाही. म्हणून मस्तिष्कस्तंभाचा निकष परंपरेला वाटतो तितका परका नाही.

मेंदूमृत्यूच्या निकषावरचा तत्त्वज्ञ हान्स योनास यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. जीवन-मृत्यूची नेमकी सीमा ठाऊक नसताना अवयव मिळावेत म्हणून मृत्यूची व्याख्या बदलणे त्यांना अमान्य होते. कित्येक ऑर्थोडॉक्स ज्यू धर्मपंडितही हृदयाचे ठोके चालू असताना मृत्यू मानत नाहीत. न्यू जर्सीच्या 1991 च्या कायद्याने अशा श्रद्धेला सूट दिली. भारतात मेंदूमृत्यूची व्याख्या 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात, म्हणजे दानाच्या संदर्भात, आली. त्यामुळे कुटुंबाने दान नाकारले, तर त्याच रुग्णाचा व्हेंटिलेटर काढावा की नाही, याबाबत डॉक्टर कचरतात. योनास यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे, तर मृत्यूचा निकष दान होवो वा न होवो, एकच असायला हवा.